वन्य पशूंपासून संरक्षणासाठी पिस्तूल

जंगलात वावरताना हिंस्र पशूने जवळून हल्ला केल्यास अखेरचा उपाय म्हणून वापरावयाचे, हातात धरून झाडता येणारे आखूड नळीचे शस्त्र. शिकारीची रायफल दूरवर नेम धरण्यासाठी असते. उलट हे पिस्तूल थोड्या मीटरांच्या अंतरावर आणि क्षणार्धात वापरावे लागते. त्यामुळे गोळीची शक्ती आणि शस्त्र हाती येण्यास लागणारा वेळ यांचा मेळ घालणे, हा त्याच्या निवडीतील मूळ प्रश्न आहे.

ठासणीच्या बंदुकीतून एक बार काढल्यावर ती पुन्हा भरण्यास वेळ लागे. मेरिवेदर ल्यूइस व विल्यम क्लार्क यांच्या उत्तर अमेरिकेतील समन्वेषण मोहिमेत (१८०४–०६) या उणिवेचा प्रत्यय आला. १४ जून १८०५ रोजी मिसूरी नदीच्या धबधब्यांजवळ ल्यूइसने एक बायसन मारला. परंतु रायफल पुन्हा भरण्याचे राहून गेले. इतक्यात एक ग्रिझली अस्वल त्याच्यावर चालून आले. तो धावत नदीत उतरला व हातातील भाला रोखून उभा राहिला, तेव्हा ते माघारी फिरले.

भारतात याच अडचणीतून एकोणिसाव्या शतकात ‘हौदा पिस्तूल’ हा प्रकार रूढ झाला. हत्तीवरून वाघाची शिकार करताना जखमी वाघ हत्तीच्या अंगावर झेप घेण्याचा धोका असे आणि हौद्याच्या अरुंद जागेत लांब रायफल वळविणे कठीण जाई. म्हणून ब्रिटिश शिकारी मोठ्या व्यासाचे, बहुधा दोन नळ्यांचे पिस्तूल जवळ बाळगीत. आरंभीची काही पिस्तुले दुनळी रायफलींच्या नळ्या कापून केलेली होती; पुढे इंग्लंडमधील बंदूककार ती मुद्दाम घडवू लागले. त्यांपैकी काहींच्या नळ्यांचा व्यास ०·५७७ इंच (सु. १४·७ मिमी.) होता. लंडनच्या चार्ल्‌स लँकेस्टर या कारखान्याने चार नळ्यांचे पिस्तूलही काढले. भरवशाची रिव्हॉल्व्हरे मिळू लागल्यावर हौदा पिस्तूल मागे पडले.

अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळविले. त्याचे १८४७ चे ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर शक्तिमान होते. परंतु २ किग्रॅ.हून अधिक वजनामुळे ते बहुधा घोड्याच्या खोगिरालाच अडकवावे लागे. पुढे स्मिथ अँड वेसन कंपनीने ०·३५७ मॅग्नम (१९३५), ०·४४ मॅग्नम (१९५५) व ०·५०० मॅग्नम (२००३) या काडतुसांची रिव्हॉल्व्हरे आणली. यांतील अखेरच्या रिव्हॉल्व्हरच्या लांब नळीच्या प्रकाराचे वजन पुन्हा सु. २ किग्रॅ. एवढेच भरते. शक्ती वाढली, तसा हाताला बसणारा धक्का वाढला व दुसरी गोळी नेमकी मारणे अवघड झाले. त्यामुळे काहींनी कमी शक्तीची, पण अधिक गोळ्यांची अर्धस्वयंचलित पिस्तुले पसंत केली. ध्रुवीय अस्वलांच्या प्रदेशात फिरणाऱ्या ग्रीनलंडमधील डॅनिश ‘सिरियस’ गस्तपथकाला १० मिमी. पिस्तुले देण्यात आली.

या साधनांची उपयुक्तता टॉम स्मिथ, स्टीव्हन हेरेरो व त्यांचे सहकारी यांनी तपासली. अलास्कातील १८८३ ते २००९ या काळातील २६९ घटनांच्या त्यांच्या अभ्यासात (२०१२) पिस्तुले ८४ टक्के व लांब नळीची शस्त्रे ७६ टक्के प्रसंगी यशस्वी ठरली. मात्र शस्त्र वापरणाऱ्यांना व ते जवळ असूनही न वापरणाऱ्यांना झालेल्या इजांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ असलेल्या ९८ टक्के व्यक्तींना जवळच्या सामन्यातही इजा झाली नव्हती. शस्त्राच्या व्यासापेक्षा ते वेळेवर हाती येणे व पशूला दूरूनच आपली चाहूल देणे अधिक महत्त्वाचे, असे यावरून दिसते.

हौदा पिस्तुलाच्या जन्मभूमीत, भारतात, हा प्रश्न आता प्रामुख्याने कायद्याच्या कक्षेत येतो. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार स्वतःच्या वा इतरांच्या रक्षणासाठी सद्भावनेने वन्य पशूस मारणे हा अपराध ठरत नाही. तथापि मारणारा त्या वेळी अधिनियमाचा भंग करीत असल्यास हे संरक्षण मिळत नाही आणि अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र नेण्यास मनाई आहे.