कागदापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत : चित्रकथेतील कृष्णधवल व रंगीत निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

महाजालावर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेस सामान्यतः ‘वेबकॉमिक’ असे म्हटले जाते. अशी चित्रकथा सुरू करणाऱ्या चित्रकारास पहिले पान रेखाटण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा लागतो. चित्रे कृष्णधवल ठेवावीत की रंगवावीत? वरवर पाहता हा केवळ अभिरुचीचा प्रश्न वाटतो. तथापि, या निवडीमागे शंभराहून अधिक वर्षांचा मुद्रणव्यवहार उभा आहे. छापील चित्रकथेत रंगाचा खर्च प्रकाशक सोसत असे व रंगाचे श्रम इतर कारागीर करीत. पडद्यावर शाईचा खर्च नाहीसा झाला. श्रम मात्र नाहीसे झाले नाहीत, ते एकट्या चित्रकाराकडे आले. या स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वृत्तपत्रीय परंपरा : रविवारचा रंग, इतर दिवसांची शाई

अमेरिकेतील वृत्तपत्रांनी १८९० च्या दशकात रंगीत मुद्रणयंत्रे उपयोगात आणली. जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट यांचा पिवळ्या अंगरख्यातील मुलगा ‘यलो किड’ म्हणून लोकप्रिय झाला. १८९६ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आउटकॉल्ट यांना आपल्या ‘न्यू यॉर्क जर्नल’कडे ओढून घेतले. ‘पीत पत्रकारिता’ या शब्दप्रयोगाचा उगमही या स्पर्धेतच शोधला जातो. रंग हे त्या काळी वाचक मिळविण्याचे साधन होते, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु रंगीत पुरवणी आठवड्यातून एकदाच परवडत असे. बड फिशर यांची ‘ए. मट’ ही दैनिक चित्रमालिका १९०७ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये सुरू झाली, ती कृष्णधवल होती. पुढे ‘रविवारी रंगीत, इतर दिवशी कृष्णधवल’ अशी विभागणीच रूढ झाली. बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’पर्यंत (१९८५–१९९५) ती टिकून राहिली. चित्रकाराने स्वतः निवडलेली नसूनही या विभागणीने रेखाटनाची एक शैली घडविली. दैनिक चित्रात खोली, अंधार व वजन हे सर्व केवळ रेषेतून आणि काळ्या शाईच्या भरीव जागांमधून साधावे लागे.

रंगाचे श्रम कोणाचे?

१९३८ मध्ये ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा अमेरिकेतील चित्रकथा-पुस्तके चार शायांत छापली जात. निळसर, किरमिजी व पिवळ्या शाईच्या प्रत्येकी चार पायऱ्या, म्हणजे रिकामी जागा, २५ टक्के, ५० टक्के व संपूर्ण शाई, यांच्या मिश्रणातून ६४ छटा मिळत. काळी शाई रेषेसाठी असे. रेखाटणारा, शाई देणारा, रंगांचा मार्गदर्शक नमुना तयार करणारा आणि त्यावरून प्रत्येक शाईचे ठसे वेगळे करणारा, अशी ही कामाची साखळी होती. रेखाटनकार बहुधा रंगाला हातही लावीत नसे.

ज्यांच्याजवळ ही साखळी नव्हती, त्यांनी कृष्णधवलाचा आश्रय घेतला. रॉबर्ट क्रम्ब यांचे ‘झॅप कॉमिक्स’ (१९६८), डेव्ह सिम यांची ३०० अंकांची ‘सेरेबस’ (१९७७–२००४), केव्हिन ईस्टमन व पीटर लेर्ड यांनी स्वखर्चाने छापलेले ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’ (१९८४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. आर्थिक अडचणीतून आलेल्या कृष्णधवलास कालांतराने स्वातंत्र्याचे मूल्य प्राप्त झाले. आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’ या ग्रंथास १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यानंतर कृष्णधवल चित्रकथेस कमी प्रतीची मानणे कठीण झाले.

जपानमध्ये कारण निराळे असले तरी फल तेच होते. साप्ताहिके स्वस्त कागदावर, मोठ्या पृष्ठसंख्येने निघत व चित्रकारास दर आठवड्यास सुमारे वीस पाने पूर्ण करावी लागत. ही गती रंगात शक्य नव्हती. त्यामुळे ठिपक्यांचे तयार चिकटकागद वापरून करड्या छटा आणण्याचे तंत्र तेथे विकसित झाले. कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ ही मुळात कृष्णधवल कृती १९८८ पासून अमेरिकेत प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा स्टीव्ह ऑलिफ यांनी ती संगणकाच्या साहाय्याने रंगविली. महाजालावरील चित्रकथेच्या उदयापूर्वीच संगणकीय रंगकामाची वाट अशा रीतीने खुली झाली होती.

महाराष्ट्रातील अनुभव

हाच खर्चाचा प्रश्न मुंबईतही उद्भवला होता. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अमर चित्रकथे’च्या आरंभीच्या अंकांत काटकसरीसाठी मोजकेच रंग वापरले जात, पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. याउलट १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या, चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने मराठी घरांत प्रवेश केला तो दैनिकाच्या छोट्या पट्टीतून, मोजक्या रेषांच्या बळावर. पुराणकथेस वैभवासाठी रंग हवा होता. घरगुती विनोदास रेषा पुरेशी होती.

पडद्यावरील नवे गणित

महाजालाच्या प्रारंभी रंगावर एक नवे बंधन आले, ते वेगाचे. ६०० बाय २०० बिंदूंची एक चित्रपट्टी घेतल्यास तीत १,२०,००० बिंदू असतात. आकार लहान करण्याची प्रक्रिया होण्यापूर्वी, निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्वरूपात तिला १५,००० बाइट पुरतात. २५६ रंगांसाठी १,२०,००० आणि पूर्ण रंगासाठी ३,६०,००० बाइट लागतात. सेकंदास २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवर हा काळ अनुक्रमे सुमारे ४, ३३ व १०० सेकंद होतो. ‘जीआयएफ’सारख्या पद्धतीमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी होई. विशेषतः एकाच रंगाने भरलेले सपाट भाग या पद्धतीत फार थोडी जागा घेत. परिणामी सपाट रंगास तांत्रिक अनुकूलता लाभली आणि सूक्ष्म छटांचे रंगकाम मागे राहिले.

तरीही काहींनी प्रारंभापासून रंग स्वीकारला. चार्ली पार्कर यांची ‘आर्गॉन झार्क!’ (१९९५) संगणकावरच तयार होणारी पूर्ण रंगीत कथा होती. पीट अब्राम्स यांच्या ‘स्लगी फ्रीलान्स’ने (१९९७) मात्र आरंभीच्या काळात वृत्तपत्राचीच रीत पाळून रविवारची चित्रे रंगीत व इतर दिवसांची कृष्णधवल ठेवली. पडद्यास रविवार आणि सोमवार यांतील भेद ठाऊक नसतो. तो भेद चित्रकाराच्या हाताला होता. आठवड्यातून एक रंगीत चित्र करणे शक्य होते, सात नव्हे.

पुढे मोडेमचे बंधन सैल झाले, तरी कृष्णधवल चित्रे लोपली नाहीत. ‘मेगाटोक्यो’ने (२०००) पेन्सिलीच्या करड्या छटा कायम ठेवल्या. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’तील (२००५) काडीसारख्या आकृती व केट बीटन यांच्या ‘हार्क! अ व्हॅग्रंट’मधील (२००७) चपळ शाईरेषा यांना रंगाची उणीव भासली नाही, कारण त्यांचा आशय विचारात व हावभावात होता. दक्षिण कोरियात याउलट घडले. ‘दाउम’ने २००३ मध्ये व ‘नेव्हर’ने २००४ मध्ये सुरू केलेल्या, वरून खाली सरकत वाचावयाच्या चित्रकथांत रंग हा नियमच ठरला. साप्ताहिक रंगीत भागांची मागणी वाढत गेली, तसे रेखाटन, पार्श्वभूमी व रंग यांसाठी वेगवेगळे साहाय्यक नेमणारे समूह उभे राहिले. मुद्रणालयातील जुनी श्रमविभागणी अशा प्रकारे नव्या रूपात परतली.

परतीची वाट

जेफ स्मिथ यांची ‘बोन’ (१९९१–२००४) ५५ अंकांत कृष्णधवल स्वरूपात पूर्ण झाली. २००५ पासून स्टीव्ह हॅमेकर यांच्या रंगकामासह ती नऊ खंडांत पुन्हा प्रसिद्ध होऊन बालवाचकांच्या फार मोठ्या वर्गापर्यंत पोहोचली. कृष्णधवल कृतीस नंतर रंग देता येतो, हे यातून सिद्ध होते. उलट दिशेचा प्रवास कठीण असतो. रंगाच्या भरवशावर रेखाटलेल्या चित्रात प्रकाश, अंतर व रात्र दाखविण्याचे काम रेषेने केलेलेच नसते. रंग काढताच ते चित्र पोकळ दिसते.

निष्कर्ष

१) कृष्णधवल व रंगीत यांतील निवड छापील युगात मुख्यतः मुद्रणखर्चाने, महाजालाच्या आरंभी वहनवेगाने व त्यानंतर प्रामुख्याने चित्रकाराच्या वेळेने निश्चित केली.

२) पडद्यावरील रंग विनामूल्य भासतो, परंतु पूर्वी चार-पाच जणांत वाटले जाणारे श्रम आता बहुधा एकाच व्यक्तीवर पडतात. अनेक वर्षे चालवावयाच्या कथेत या श्रमांचा हिशेब आधी न केल्यास कथा अपूर्ण राहण्याचा धोका संभवतो.

३) जेथे स्थळ, ऋतू वा वातावरण हेच कथेचे अंग असते, तेथे रंग अर्थपूर्ण ठरतो, जेथे संवाद, विनोद वा स्मृती प्रधान असते, तेथे रेषा पुरेशी होते.

माध्यमे बदलली तरी चित्रकथेच्या वाचकाची मूळ अपेक्षा बदललेली नाही. कथेचा पुढील भाग ठरलेल्या दिवशी समोर यावा, ही ती अपेक्षा होय. ज्या निवडीमुळे ती पूर्ण होते, तीच त्या कथेपुरती योग्य निवड, असे या इतिहासावरून म्हणता येते.