केडगावची जमीन आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात: त्यांचे संस्कृत पांडित्य आणि त्यांचे धर्मांतर. पहिलीचे कौतुक होते, दुसरीवर वाद होतो. जमाखर्च मांडणारी, विहिरी खणून घेणारी रमाबाई मात्र मागेच राहते. धाडच्या श्रोत्यांपुढे आज आम्ही तिच्याविषयीच बोलणार आहोत. आभाळाकडे पाहून वर्षाचा हिशेब मांडणाऱ्यांना ती लवकर समजेल, असे आम्हांस वाटते.

दुष्काळ त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. 1874 साली दक्षिणेत भटकत असता आईवडील दोघेही अन्नावाचून खंगून गेले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. 1882 त वैधव्य आले, पदरी लहानगी मनोरमा. पुढल्या वर्षी विलायतेस निघाल्या तेव्हा वाटखर्चाला हातभार लागला तो स्वतः लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचा. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1887 त अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हलाखीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच्या खपाने भांडवल उभे राहिले. त्याच साली बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे सोसण्याचे पत्करले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढे ते पुण्यास गेले. त्यातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई.

या पैशाला एक अट होती. सदनात कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही. रमाबाईंनी शिकवण दिली नाही, पण स्वतःची प्रार्थना दार लावून करण्याचेही नाकारले. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठविली. 1893 त रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पालकांचे भय अगदीच निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रार्थना लपवून करणारी रमाबाई आम्हांस तरी कल्पिता येत नाही.

आणि मुदत तर सरत चालली होती. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचे चालक बहुधा नवव्या वर्षी जागे होतात. रमाबाईंनी आधीच पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. विचार सरळ होता: विहिरी खणाव्या, फळझाडे लावावी, आणि अमेरिकेची मदत आटेल तेव्हा बागेने सदनाला पोसावे. वर्गणीदाराचे मन फिरते. झाड पाणी मागते, अट घालीत नाही.

झाडे फळाला येईतो कोण थांबते! 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, मुलींना शहरात ठेवणे अशक्य. केडगावच्या रानात तंबू पडले. 'मुक्तिसदन' हे नाव जिला मिळाले, ती वसाहत अशी घाईत वसली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

एवढ्यांना बसवून कोण खाऊ घालील? शेत, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, माग, शिवणकाम, भांड्यांना कल्हई, भाकरी भाजणे, धुणे: सगळे बायकांनीच करायचे. दृष्टिहीन स्त्रियांना मनोरमेने ब्रेल लिपी शिकविली. रमाबाई म्हणत, मागायचे ते देवापाशी. मात्र मागून झाल्यावर त्या विहिरीवर जाऊन पाणी किती लागले ते पाहून येत. भक्ती आणि व्यवहार एकाच अंगणात नांदत होते.

एक प्रश्न टाळता येत नाही. केडगावी आलेल्या अनेक मुलींनी बाप्तिस्मा घेतला. ज्या हाताने मरणाच्या दारातून परत आणले त्या हाताचा धर्म घेणे, ही कितपत मोकळी निवड? आम्हांस याचे छातीठोक उत्तर देता येत नाही. पण आपल्यातल्या ज्या लोकांनी तेव्हा आरडाओरडा केला, त्यांच्यापैकी किती जणांनी दुष्काळी मुलखातून एक तरी पोर घरी आणली, हेही विचारले पाहिजे.

या सगळ्या धंद्यांत छापखान्याची गोष्ट निराळी. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेही संस्कृतप्रचुर नव्हे, खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत. आणि हे करणारी बाई काशीच्या पंडितांशी संस्कृतात बोलू शकणारी. खिळे जुळविले ते केडगावच्या मुलींनी. 1921 त मनोरमा गेली; 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 त बाहेर पडला, तेव्हा यंत्रावर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बायकाच उभ्या होत्या.