पासवर्ड हरवलेले वॉलेट: शोधाचे गणित आणि सॉफ्टवेअरची मर्यादा

आभासी चलनाच्या वॉलेटचा पासवर्ड आठवेनासा झाला की माणूस आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतो. कोणते घ्यायचे, कुठून उतरवायचे, किती दिवस चालवायचे, हे त्याचे प्रश्न असतात. ते अयोग्य नाहीत, पण फार लवकर विचारले जातात. असे सॉफ्टवेअर मालकाने दिलेले अंदाज अफाट वेगाने तपासून पाहते, त्याहून अधिक काही करत नाही. एन्क्रिप्शनची पद्धत मोडण्याची ताकद त्यात नसते. त्यामुळे यश बव्हंशी मालकाच्या आठवणीच्या दर्जावर ठरते. प्रोग्रामची निवड आणि मांडणी त्या मानाने दुय्यम, पण ती चुकली तर उरलेली संधीही जाते.

नेमके काय हरवले आहे, हे पहिल्यांदा ठरवावे लागते. एक्स्चेंजवरील खात्याचा पासवर्ड हरवला असेल तर हा विषय लागूच होत नाही. तिथे किल्ल्या कंपनीकडे असतात आणि ओळख पटवून खाते परत मिळते. हार्डवेअर वॉलेटचा पिन किंवा एन्क्रिप्टेड पेन ड्राइव्हचा पासवर्ड हा दुसरा वर्ग. तिथे उपकरणच प्रयत्न मोजते. लेजर हे हार्डवेअर वॉलेट तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकते. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरची ७,००२ बिटकॉइनची किल्ली ज्या आयर्नकी ड्राइव्हमध्ये अडकली, तो दहा प्रयत्नांनंतर कायमचा बंद होतो. २०२१ च्या जानेवारीत ही हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा त्यातले आठ प्रयत्न संपलेले होते. अशा ठिकाणी अंदाज तपासणारा प्रोग्राम बसवून उपयोग नाही. वेगाचा फायदा मिळतो तो मोकळ्या प्रतीवर हवे तितके प्रयत्न करता येतात तेव्हाच. ती सोय तिसऱ्या वर्गात, म्हणजे संगणकावर पडून असलेल्या वॉलेटच्या फाइलबाबत असते. सीड शब्दांचा, म्हणजे ज्यांपासून वॉलेट पुन्हा उभे करता येते त्या शब्दसंचाचा, चौथा वर्ग पुढे पाहू.

बिटकॉइन कोअर या मूळ सॉफ्टवेअरची 'वॉलेट डॉट डॅट' ही फाइल नमुना म्हणून घेऊ. वॉलेटला पासवर्ड लावण्याची सोय २०११ च्या सप्टेंबरात, ०.४.० या आवृत्तीत आली. त्यापूर्वीच्या फाइलीत खाजगी किल्ल्या उघड्याच असत. या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. पासवर्ड लावण्याआधीचा एखादा बॅकअप जुन्या सीडीवर किंवा बंद पडलेल्या लॅपटॉपच्या डिस्कवर सापडला, तर तोपर्यंत ज्या पत्त्यांवर नाणी आली होती त्यांच्या किल्ल्या पासवर्डशिवाय मिळतात. शिवाय ०.४.० मध्ये एक दोष होता: एन्क्रिप्शननंतर उघड्या किल्ल्या डेटाबेसमध्ये 'खोडलेल्या' म्हणून नोंदल्या जात, पण फाइलीतून प्रत्यक्ष पुसल्या जात नसत. ०.४.१ मध्ये तो दुरुस्त झाला. म्हणून २०११ च्या अखेरीची फाइल हाती असणाऱ्याने पासवर्डामागे लागण्यापूर्वी फाइलच नीट वाचून घ्यावी. घरातले ड्रॉवर आणि माळा धुंडाळणे हे कुठल्याही ग्राफिक कार्डापेक्षा स्वस्त पडते, आणि हे मी गमतीने म्हणत नाही.

आता यंत्रणा. मालकाचा पासवर्ड थेट किल्ल्यांना लावलेला नसतो. आधी एक यादृच्छिक मास्टर की तयार होते आणि सगळ्या खाजगी किल्ल्या तिने एन्क्रिप्ट होतात. ही मास्टर की पुन्हा पासवर्डापासून काढलेल्या किल्लीने झाकली जाते. पासवर्डापासून किल्ली काढताना त्याला आठ बाइटचे 'सॉल्ट' जोडून एसएचए-५१२ ही क्रिया किमान २५,००० वेळा करतात. वॉलेट तयार करणारा संगणक वेगवान असेल तर ही संख्या आणखी वाढते. खऱ्या मालकाला हा विलंब जाणवत नाही, पण अंदाज करणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागे ही किंमत मोजावी लागते.

अंदाज बरोबर आहे हे प्रोग्रामला कळते कसे, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. मास्टर की ३२ बाइटची, पण एन्क्रिप्ट झाल्यावर ती ४८ बाइट होते, कारण शेवटी सोळा बाइटचे ठरावीक भरताड घातलेले असते. शेवटचा तुकडा उलगडल्यावर हे भरताड जसेच्या तसे दिसले तर पासवर्ड बरोबर. योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता नगण्य. उलगडण्यासाठी फक्त शेवटचे दोन तुकडे लागतात. म्हणजे मालक तेवढे ३२ बाइट, सॉल्ट आणि आवर्तनांची संख्या परक्या तज्ज्ञाच्या हाती देऊ शकतो. त्याला पासवर्ड सापडला तरी मास्टर की मिळत नाही, मग नाणी कुठली? 'बिटकॉइनटूजॉन' ही छोटी स्क्रिप्ट नेमके हेच तुकडे काढून देते. तरीही लोक अख्खी फाइल ईमेलने पाठवतात.

सगळ्या वॉलेटांची किंमत सारखी नसते. इलेक्ट्रमच्या जुन्या वॉलेट-फाइलीत पासवर्डावर फक्त दुहेरी एसएचए-२५६ होत असे, त्यामुळे तिथे अंदाज फार झपाट्याने तपासता येतात. इथेरियमच्या कीस्टोअर फाइलीत नेहमीच्या मापाने एस-क्रिप्ट (scrypt) नावाची क्रिया वापरली जाते. ती प्रत्येक अंदाजाला सुमारे २५६ एमबी स्मृती मागते आणि ग्राफिक कार्डाचा जोर तिथे फिका पडतो.

वेगापेक्षा शोधाचा पैस महत्त्वाचा. छोटी अक्षरे आणि अंक मिळून ३६ चिन्हे धरली तर आठ चिन्हांचे सुमारे २,८२,००० कोटी पासवर्ड होतात. सेकंदाला १०,००० अंदाज गृहीत धरले तर सगळे तपासायला जवळजवळ नऊ वर्षे लागतील. कळफलकावरील सगळी ९५ चिन्हे घेतली तर हाच हिशेब २१,००० वर्षांवर जातो. आता उलट बाजू पाहा. मालकाला एवढेच आठवते की गावाचे नाव, एक साल आणि एखादे चिन्ह होते. नावाची बारा स्पेलिंगे, मोठ्या-छोट्या अक्षरांच्या तीन तऱ्हा, १९५० ते २०१२ ही ६३ साले दोन किंवा चार अंकी, चिन्हाचे आठ पर्याय, त्याच्या तीन जागा: गुणाकार १,०८,८६४. सेकंदाला पन्नास अंदाज करणारा साधा लॅपटॉपही हे काम सुमारे ३६ मिनिटांत उरकतो.

बारा स्पेलिंगे मी उगीच घेतली नाहीत. मराठी माणसाचा पासवर्ड पुष्कळदा रोमन लिपीतला मराठी शब्द असतो, आणि रोमन मराठीला नियम नाही. ज्ञानेश्वरचा 'ज्ञ' कुणी डी-एन-वाय लिहील, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. 'व' साठी व्ही की डब्ल्यू, दीर्घ 'ई' साठी एक आय की दोन ई, 'आ' साठी एक ए की दोन, हे लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून. तयार शब्दसंग्रह बहुतांशी इंग्रजी असल्यामुळे ते इथे फारसे कामाला येत नाहीत. मालकाने जुन्या ईमेलमध्ये आणि मेसेजमध्ये तेच शब्द कसे लिहिले होते, हे पाहून स्वतःची यादी करावी. 'बीटीसीरिकव्हर' या मुक्त प्रोग्रामची टोकन-यादी अशाच कामासाठी आहे: एका ओळीत एका तुकड्याचे सगळे पर्याय लिहायचे, हा तुकडा सुरुवातीलाच येतो किंवा इथे दोन अंक येतात अशा खुणा करायच्या, आणि जुळवाजुळव प्रोग्रामवर सोडायची. अक्षरांची अदलाबदल, सुटलेले अक्षर, चुकून दाबलेला कॅप्स लॉक यांसाठी वेगळे पर्याय आहेत.

स्मृती किती फसवते हे २०२४ साली उजेडात आलेल्या एका प्रकरणात दिसते. युरोपातील एका गृहस्थाची ४३.६ बिटकॉइन अडकली होती. वीस चिन्हांचा पासवर्ड त्याने २०१३ साली रोबोफॉर्म या प्रोग्रामकडून तयार करून घेतला होता, आणि तो जपलेली एन्क्रिप्टेड फाइल बिघडली. अंदाजांनी असा पासवर्ड सापडणे अशक्यच. पण हार्डवेअर हॅकर जो ग्रँड आणि त्याच्या सहकाऱ्याला आढळले की रोबोफॉर्मच्या तेव्हाच्या आवृत्तीत पासवर्ड संगणकाच्या घड्याळावरून ठरत असे. म्हणजे वेळ कळली की पासवर्ड कळला. त्यांनी १ मार्च ते २० एप्रिलचा काळ तपासला, मग १ जूनपर्यंत वाढवला, तरी हाती काही नाही. मालकाच्या इतर काही जुन्या पासवर्डांत विशेष चिन्हे नव्हती, हे लक्षात आल्यावर त्यांनी ती अट काढली आणि उत्तर मिळाले: १५ मे २०१३, ग्रीनिच वेळेनुसार दुपारचे ४ वाजून १० मिनिटे ४० सेकंद. काळाची दुसरी कक्षा बरोबरच होती. चुकले होते एक गृहीतक.

म्हणून प्रोग्राम बसवल्यावर पहिले काम खऱ्या वॉलेटवर करू नये. त्याच सॉफ्टवेअरच्या शक्य तितक्या त्याच आवृत्तीत नवे रिकामे वॉलेट करावे, त्याला माहीत असलेला पासवर्ड द्यावा आणि आपली यादी व आपली मांडणी तो शोधतात का ते पाहावे. प्रयोगशाळेत ज्याला नियंत्रण म्हणतात ते हेच. याशिवाय 'पासवर्ड सापडला नाही' या निकालाला अर्थ नाही. यादी अपुरी होती की फाइल वाचण्यातच चूक झाली, ते कळत नाही.

बसवण्याची रीत तशी सरळ आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिच्या दोन प्रती काढून एकीवर काम. शक्यतो रिकामा केलेला संगणक घ्यावा किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवावे. पायथन, बीटीसीरिकव्हरचे मूळ भांडार आणि त्याला लागणारी पूरक पॅकेजेस उतरवली की इंटरनेट तोडायचे, आणि त्यानंतरच वॉलेटची प्रत संगणकात आणायची. ग्राफिक कार्डाचा जोर हवा असेल तर हॅशकॅट हा प्रोग्राम. त्याला कार्डाचे योग्य ड्रायव्हर लागतात. अँटीव्हायरस अशा प्रोग्रामांवर अनेकदा आक्षेप घेतो. तो खोटा गजर असू शकतो, पण तसे गृहीत धरून गजर बंद करणे हेच भामट्यांना हवे असते. २०१८ च्या डिसेंबरात इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांना खुद्द प्रोग्राममध्येच 'नवी आवृत्ती बसवा' असा संदेश दिसू लागला. तो शत्रूच्या सर्व्हरकडून येत होता. ज्यांनी ती आवृत्ती बसवली त्यांची नाणी गेली. काही दिवसांतच आकडा २०० बिटकॉइनच्या वर पोचला. उतरवलेल्या फाइलीची डिजिटल सही तपासण्याचा कंटाळा येतो खरा.

सीड शब्दांचे गणित वेगळे. २०१३ च्या बीआयपी-३९ या मानकात २,०४८ शब्दांची यादी असते आणि बारा शब्दांतले शेवटचे चार बिट पडताळणीचे असतात, म्हणून सोळांतला एकच संच वैध ठरतो. एक शब्द पुसट झाला असेल तर सुमारे १२८ पर्याय उरतात. बाराही शब्द माहीत पण क्रम विसरला, तर ४७,९०,०१,६०० रचनांपैकी जवळपास तीन कोटी वैध. हेही घरच्या संगणकाच्या आवाक्यात आहे. पण याच मानकातल्या ऐच्छिक पासफ्रेजला पडताळणी नाही. कुठलीही पासफ्रेज दिली तरी एक वैध, बहुधा रिकामे, वॉलेट उघडते. जुन्या व्यवहारातला एखादा पत्ता हाताशी नसेल तर बरोबर उत्तर आले तरी ते ओळखणे कठीण.

दुसऱ्याकडे काम सोपवावे का? तज्ज्ञ आहेत, आणि प्रामाणिकही आहेत; ते सहसा सापडल्यावर हिस्सा घेतात. आगाऊ 'प्रक्रिया शुल्क' किंवा सगळे सीड शब्द मागणारा माणूस वसुली करणारा नव्हे. पुण्यात २०१८ च्या बिटकॉइन गुंतवणूक फसवणुकीच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, जप्त वॉलेटांतील चलन वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली होती. आरोप सिद्ध होवोत वा न होवोत, सरकारी तपासातही असा प्रसंग येत असेल तर खाजगी व्यवहारात लेखी करार आणि वर सांगितलेले ३२ बाइट, सॉल्ट व आवर्तनांची संख्या यांपलीकडे काही देऊ नये.

पासवर्ड सापडला तर नाणी लगेच नव्या सीडच्या वॉलेटमध्ये हलवावीत, कारण जुना पासवर्ड आता टोकन-यादीत आणि प्रोग्रामच्या नोंदीत उघडा पडलेला असतो. त्या फाइली नंतर पुसाव्यात. भारतात ही नाणी विकली तर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि खरेदीची किंमत सोडून कोणताही खर्च वजा करता येत नाही. वसुली करणाऱ्याला दिलेला हिस्साही या वजावटीत बसत नाही, म्हणून त्याच्याशी टक्केवारी ठरवताना हा कर हिशेबात धरावा.