गाडीच्या टपावरची मुलगी

मेनिएरच्या आजाराचा इतिहास वाचायला घेतला, की एक मुलगी भेटतेच. फ्रान्समधली. थंडीची रात्र, पाळी चालू, आणि ही घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या टपावर उघड्यावर बसून निघालेली. गारठा असा बाधला की एकाएकी तिला ऐकूच येईना. डोकं गरगरतंय, अंथरुणात जरा कूस बदलली तरी उलटी. पाचव्या दिवशी ती गेली. प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरने शवविच्छेदनात मेंदू तपासला, मज्जारज्जू तपासला. कुठेच काही नाही. मग आतला कान उघडला, तर तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये लालसर, रक्त मिसळल्यासारखा घट्ट द्रव भरलेला.

माझं म्हणणं असं की, ज्या आजाराच्या इतिहासात ही मुलगी दीडशे वर्षं बसून आहे, तो आजार तिला झालेलाच नव्हता.

आधी आजार काय ते सांगतो. बसल्या जागी घर फिरायला लागतं. हे फिरणं वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालतं. सोबत एका कानात गुंइंऽ असा आवाज, दडा बसल्यासारखा जडपणा आणि ऐकू कमी येणं. मग सगळं ओसरतं, माणूस कामाला लागतो आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तेच. दर झटक्यागणिक ऐकू येणं थोडं थोडं कमी होत जातं, आधी खर्जातले आवाज जातात. सहसा एकाच कानापासून सुरुवात होते आणि या आजाराने कुणी मरत नाही. आता त्या मुलीकडे पाहा. एकाच फटक्यात पूर्ण बहिरेपणा, आणि पाचव्या दिवशी मृत्यू. पुढच्या काळातल्या काही जाणकारांना तिला रक्ताचा कर्करोग असावा अशी शंका आली. मलाही तेच पटतं. रक्तच बिघडलं असेल तर कानातल्या बारीक वाहिन्या फुटणं समजण्यासारखं आहे.

मग मेनिएरने तिला मधे आणलं कशाला? या प्रकरणातली खरी गंमत इथे आहे, आणि ती कबुतरांपर्यंत जाते.

1861 च्या 8 जानेवारीला मेनिएरने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे आपला निबंध वाचला. वय 61, आयुष्याचं एकच वर्ष उरलेलं. तोवर चक्कर येऊन कोसळणाऱ्या माणसाचं निदान ठरलेलं होतं : मेंदूत रक्त साचलंय. उपायही ठरलेला, रक्त काढा. जळवा लावा, शीर तोडा, जुलाब द्या. आधीच उलट्यांनी गळालेल्या माणसाचं वर रक्तही काढायचे. मेनिएर म्हणाला, यातल्या बऱ्याच जणांचा मेंदू धडधाकट आहे, दुखणं कानात आहे.

हे सिद्ध करायचं कसं? त्याचे रोगी मरत नव्हते, त्यामुळे कान उघडून बघायची सोय नव्हती. त्याच्याकडे होती ती ही एक मुलगी, तीही जुनी. क्रामर या जर्मन कानतज्ज्ञाच्या ग्रंथाचं त्याने केलेलं फ्रेंच भाषांतर 1848 साली आलं, त्यातच तिची हकिकत येऊन गेली होती. आणि दुसरा आधार होता फ्लुरांसची कबुतरं.

प्येर फ्लुरांसने 1824 च्या सुमारास कबुतरांच्या कानातल्या या नलिका एकेक करून कापल्या होत्या. कानात अशा तीन नलिका असतात, तिन्ही एकमेकींना काटकोनात. आडवी नलिका कापली, की कबुतर मान डावी-उजवी हलवत स्वतःभोवती फिरत राही. उभ्या नलिकांपैकी एक कापली तर पुढे कोलांटी, दुसरी कापली तर मागे. ऐकू मात्र येत होतं! कानाचा एक भाग ऐकण्याशी संबंधच ठेवत नाही, हे समोर दिसत असूनही फ्लुरांसने ‘हे तोल सांभाळणारं इंद्रिय आहे’ असं म्हटलं नाही. हालचालींना आवर घालणारी काही शक्ती तिथे असावी, असं म्हणून तो थांबला. तीन दिशांसाठी तीन नलिका डोळ्यांपुढे असताना हा माणूस थांबला कसा, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मेनिएरने ही दोन टोकं जोडली. नलिका बिघडल्या की कबुतर गरगरतं. या मुलीच्या नलिका बिघडल्या आणि ती गरगरली. म्हणजे माणसातही भोवळीचं मूळ तिथे असू शकतं. मुलगी हा फक्त जागेचा पुरावा होता, रोगाचा नव्हे. मागून आलेल्यांनी तिलाच रोगाचा नमुना केलं आणि ‘आतल्या कानात रक्तस्राव’ हे कारण म्हणून पुस्तकांत जाऊन बसलं. दोष मेनिएरचा नाही.

कबुतरं 1824 ची, निबंध 1861 चा. मधली 37 वर्षं कुणाला हे सुचलं कसं नाही? एक उत्तर असं देतात, की काळच मेंदूची आणि इंद्रियांची जागा शोधण्याचा होता; त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये ब्रोकाने वाचा मेंदूत कुठे असते ते दाखवलं. हे खरं, पण पुरेसं नाही. माझ्या मते कारण मेनिएरच्या नोकरीत आहे. 1838 पासून तो पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचा डॉक्टर होता, इतारच्या जागेवर. (इतार म्हणजे आवेरोंच्या जंगलात सापडलेल्या मुलाला माणसात आणायला झटलेला तोच.) चक्कर आलेला माणूस एरवी इतर डॉक्टरांकडे जाई आणि कानातल्या आवाजाचा उल्लेखही होत नसे. मेनिएरकडे माणसं कानासाठी येत आणि चक्करचं ओघात सांगत. शिवाय बारीक नोंद ठेवायची त्याला सवय होती. 1833 मध्ये ब्लेच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या गरोदर डचेस द बेरीवर लक्ष ठेवायला सरकारने त्यालाच पाठवलं होतं. तिथली त्याची रोजनिशी पुढे छापली गेली.

मात्र मूकबधिर मुलांच्या त्याच इमारतीत एक मोठा पुरावा खेळत होता आणि तो त्याच्या हातून निसटला. 1882 मध्ये अमेरिकेत विल्यम जेम्सने 519 मूकबधिरांची पाहणी केली. गोल फिरवल्यावर त्यातल्या 186 जणांना चक्कर आलीच नाही! हार्वर्डच्या दोनेकशे विद्यार्थ्यांत असा एकच निघाला होता. म्हणजे आतला कान गेला की चक्करही जाते, चक्करचं मूळ तिथेच आहे.

मेनिएरच्या निबंधानंतरचे टप्पे प्रसिद्ध आहेत, भरभर सांगतो. 1870 मध्ये गोल्ट्झने नलिकांना तोलाचं इंद्रिय म्हटलं. 1873 ते 75 मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे त्यांचं काम उलगडलं : व्हिएन्नाचा ब्रॉयर (हाच पुढे फ्रॉइडबरोबर हिस्टेरियावर पुस्तक लिहिणारा), एडिंबरोचा रसायनशास्त्रज्ञ क्रम ब्राउन, आणि भौतिकशास्त्रज्ञ माख, ज्याला आगगाडी वळणावर असताना बाहेरची घरं-झाडं कलंडलेली दिसली आणि प्रश्न पडला. डोकं फिरलं की नलिकेतला द्रव जरा मागे रेंगाळतो. फुगडी थांबली तरी द्रव थांबत नाही, म्हणून अंगण फिरतच राहतं. कानात गार आणि गरम पाणी घालून नलिका तपासायची युक्ती बारानीची. त्याला 1914 चं नोबेल मिळालं तेव्हा तो रशियनांच्या युद्धकैदेत होता.

मेनिएरच्या आजाराच्या रुग्णाचा कान प्रत्यक्ष पाहिला गेला तो थेट 1938 मध्ये. लंडनला हॉलपाइक आणि केर्न्स यांनी दोन रुग्णांचे कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावाने आणखी एकाचा. एकमेकांचा पत्ता नसताना दोन्हीकडे एकच दिसलं. रक्ताचा मागमूस नाही. आतल्या पिशवीवजा नळीतला द्रव प्रमाणाबाहेर वाढून तिचे पडदे फुगलेले. मुलीची साक्ष तिथे संपायला हवी होती.

या शोधावर पुढची शस्त्रक्रिया उभी राहिली. अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्डला याच आजारापायी विमान चालवायची बंदी झाली होती. 1968 मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउसने त्याच्या कानातला द्रव वाहून जायला वाट करून दिली, आणि 1971 मध्ये शेपर्ड चंद्रावर गोल्फ खेळून आला. पण ही शस्त्रक्रिया खरंच काम करते की आजार आपसूक शांत होतो, यावर कानाच्या डॉक्टरांचं अजून एकमत नाही. आज बहुतेकांना आधी सांगतात ते लोणचं-पापड, म्हणजे मीठ, कमी करायला आणि लघवी वाढवणारी गोळी घ्यायला. व्हॅन गॉगला अपस्मार नसून हेच होतं, असंही 1990 मध्ये मांडून झालंय. त्याच्या पत्रांत चक्कर आहे खरी, पण त्याची भ्रमिष्टावस्था कानातून काढणं मला ओढूनताणून वाटतं.

आणि फुगलेल्या पडद्यांचंही सरळ नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या काही कानांत ते तसेच फुगलेले सापडले आहेत, आणि त्या माणसांना हयातीत या आजाराचा त्रास झाल्याची नोंद नाही. म्हणजे द्रव वाढणं हे कारण, की कुठल्या तिसऱ्याच बिघाडाचा परिणाम, हा वाद आता टपावरच्या मुलीच्या जागी येऊन बसला आहे. माझं माप परिणामाच्या पारड्यात.