गटात न बसणारे मूल

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. आम्ही गेलो होतो ती जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली आष्टी. काही वर्षांपूर्वी तिथे शिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलायचे होते. हाताशी तासभर होता म्हणून एका वर्गात जाऊन बसलो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत असतात तसले काही प्रश्न आम्ही तयार करून नेले होते. त्यातला एक असा : गटात न बसणारा शब्द ओळखा – नांगर, वखर, तिफण, बैल.

बहुतेक मुलांनी 'बैल' म्हणून सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याला उठवून विचारले, तर म्हणाला, "सर, बैल काढला तं हे तिन्ही वढायचे कोनी?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि आमच्या कागदावर त्याच्या नावापुढे शून्य मांडले. वर्गशिक्षक नंतर हळूच म्हणाले, "बोलायला हुशार आहे हो, पण वाचता येत नाही. काय करावं कळत नाही."

ते शून्य परतीच्या प्रवासात आम्हाला सलू लागले. कारण हा संवाद आम्ही पूर्वी वाचलेला होता. १९३१-३२ साली अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना भेटत हिंडत होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे दाखवून तो विचारी, यातले वेगळे कोणते? निरक्षर शेतकरी म्हणत, सगळी एकत्रच हवीत. ओंडका नसेल तर करवत कापणार काय? थोडेफार शालेय शिक्षण झालेले शेतकरी मात्र ओंडका बाजूला काढत. वस्तूंचे कामातले नाते सोडून त्यांना 'हत्यारे' अशा नावाच्या पेटीत घालणे ही बऱ्याच अंशी शाळेत लागणारी सवय आहे, असे लुरियाच्या ध्यानात आले. म्हणजे आमच्या प्रश्नाने त्या मुलाची बुद्धी मोजलीच नव्हती. शाळेची ही सवय त्याला कितपत लागली आहे, एवढेच मोजले होते.

मग बुद्धी मोजायची म्हणजे काय मोजायचे? हा प्रश्न मुळात निघाला शाळेतूनच. शिक्षण थोड्यांपुरते होते तोवर ज्याला जमत नसे तो घरी बसे आणि प्रश्न तिथेच मिटे. सगळ्यांनी शाळेत यायचे असे ठरले की वर्गात मागे पडणारे मूल दिसू लागते. फ्रान्समध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १८८२ साली झाला. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. फ्रान्सच्या सरकारने १९०४ मध्ये एक समिती नेमली. वर्गाबरोबर चालू न शकणारी मुले कशी ओळखावीत आणि त्यांची काय सोय करावी, हे तिने सांगायचे होते. आल्फ्रेड बिने तिचा सदस्य होता.

बिनेने तेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरच्या मदतीने १९०५ मध्ये तीस छोट्या कृतींची मालिका तयार केली. जळती काडी फिरवली तर मूल नजरेने तिचा माग काढते का? तीन आकडे ऐकून परत म्हणते का? माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? घडी घातलेल्या कागदाचा तुकडा कापला तर उलगडल्यावर काय दिसेल? कोणत्या वयाच्या मुलांना साधारण काय जमते हे पाहून १९०८ मध्ये त्याने 'मानसिक वय' ही कल्पना मांडली. ही फूटपट्टी जन्मजात, न बदलणारी गोष्ट मोजते असे तो कधी म्हणाला नाही. उलट बुद्धी वाढत नाही असे मानणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली आणि मागे पडलेल्या मुलांसाठी व्यायाम सुचवले. त्यातला एक म्हणजे पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ. आधी लक्ष द्यायला शिकवू, मग व्याकरण, असा त्याचा विचार होता.

१९११ मध्ये बिने वारला आणि चाचणी दुसऱ्यांच्या हाती गेली. विल्यम स्टर्न याने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले, अमेरिकेत लुइस टर्मन याने १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणले आणि बुद्ध्यंक तयार झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांहून अधिक सैनिकांची अशी परीक्षा घेतली. पुढे 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्यापर्यंत तिथल्या काही राज्यांची मजल गेली. कोणाला मदत हवी ते शोधण्याचे साधन कोणाला वगळायचे हे ठरवण्यासाठी वापरले गेले, ते असे.

मराठी मुलांसाठी बिनेची फूटपट्टी नव्याने आखली ती व्ही. व्ही. कामत यांनी, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेल्या या कामावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि पुस्तक १९४० मध्ये निघाले. हे काम केवळ भाषांतराचे नव्हते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पॅरिसच्या मुलाला सहाव्या वर्षी सोपा जाणारा प्रश्न धारवाडच्या मुलाला आठव्या वर्षी जमेल किंवा पाचव्याच वर्षी जमेल; म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून त्याचे वय पुन्हा ठरवावे लागते. बिने-कामत चाचणी पुढे देशभर पसरली आणि एकविसाव्या शतकातही दवाखान्यांतून वापरात राहिली. तिच्या यशातच तिची अडचण आहे. जेम्स फ्लिन याने १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवून दिले की पिढ्यांगणिक मुलांचे चाचण्यांतले गुण वाढत जातात. १९३०च्या दशकातल्या मुलांवर आखलेल्या पट्टीने आजचे मूल मोजले तर ते आहे त्यापेक्षा उंच दिसण्याचा संभव असतो आणि ज्याला मदत हवी तेच मदतीच्या रेषेपलीकडे जाऊ शकते.

आणखी एक अडचण खास आपली. बुद्ध्यंक म्हणजे भागाकार. छेदस्थानी मुलाचे वय. आपल्या खेड्यांत जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिण्याची जुनी रीत आहे. किती गुरुजींनी किती मुलांना या एका दिवशी जन्माला घातले असेल याची गणतीच नाही! मानसिक वय आठ आणि खरे वय आठ असेल तर बुद्ध्यंक १००. तेच वय दाखल्यावर दहा लागले असेल तर बुद्ध्यंक ८०. मूल तेच, उत्तरे तीच. बदलला तो छेद.

कामत धारवाडला मराठी मुलांना मराठीतून प्रश्न विचारत होते त्याच वर्षांत आष्टी कुठे होती? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. प्राथमिक वर्ग ओलांडून पुढे शिकायचे तर सरकारी शाळेत माध्यम उर्दू, आणि उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच. उर्दू ही मोठी समृद्ध भाषा आहे, पण ज्या घरात ती बोलली जात नाही तिथल्या मुलाला गणित कळण्याआधी गणिताची भाषा कळावी लागते. मराठवाड्यातल्या त्या पिढीत 'याला शिकणे जमत नाही' असे शेरे किती मुलांवर बसले असतील आणि त्यातले किती बुद्धीचे, किती भाषेचे, हे आता कसे वेगळे करणार? १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेले, माध्यम बदलले. पण प्रश्न संपला नाही. परतूर-मंठा भागातल्या तांड्यांवरचे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते आणि पहिलीत मराठी पुस्तक उघडते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. त्याने अर्धे वर्ष शाळा पाहिलेलीच नसते. 'ढ' या एका अक्षरात आपण हे सारे कोंबतो.

एकच बुद्धी असते की अनेक, हा वाद शतकभर चालू आहे. चार्ल्स स्पिअरमन १९०४ मध्ये म्हणाला, सगळ्या कौशल्यांच्या मुळाशी एक सामान्य बुद्धी आहे. लुइस थर्स्टन याने १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता मोजल्या. गिल्फर्ड याने तर घनाकृती आराखडाच काढला : पाच प्रकारच्या क्रिया, चार प्रकारचा आशय, सहा प्रकारची फलिते, म्हणजे १२० घटक. हा आराखडा महाराष्ट्रात चांगलाच रुजला. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि तिथल्या मानसशास्त्र विभागात या आराखड्यावर आधारलेल्या मराठी चाचण्या तयार झाल्या. त्या प्रामुख्याने प्रज्ञावान मुले शोधण्यासाठी होत्या. बिनेच्या प्रश्नाच्या हे अगदी दुसरे टोक!

१९८३ मध्ये हॉवर्ड गार्डनर याने सात बुद्धिमत्ता सांगितल्या : भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, इतरांना जाणण्याची आणि स्वतःला जाणण्याची. पुढे त्याने निसर्गविषयक बुद्धीची भर घातली. शिक्षक-प्रशिक्षणात हा सिद्धांत इतका लोकप्रिय आहे की त्याविषयी शंका घेतली की लोक नाराज होतात. तरीही सांगायला हवे. माणसांत अनेक प्रकारची कर्तबगारी असते यात वाद नाही. पण या बुद्धी परस्परांपासून स्वतंत्र आहेत याला मोजमापातून फारसा आधार मिळालेला नाही. निरनिराळ्या बौद्धिक चाचण्यांतले गुण बहुधा एकमेकांबरोबर वरखाली होतात. प्रत्येक मुलाला त्याच्या 'शैली'नुसार शिकवले की ते जास्त शिकते, हा दावाही २००८ मधल्या एका मोठ्या आढाव्यात टिकला नाही. आम्हाला भीती वाटते ती वेगळीच. 'हा शारीरिक बुद्धीचा' म्हणत वाचता न येणाऱ्या मुलाला मैदानावर पाठवून द्यायचे, की झाले आपले काम. शिक्का गोड झाला, एवढेच.

याहून कामाचा पुरावा बाजारातून आला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाला हिशेब सांगताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर होती. तसेच हिशेब कागदावर आकडेमोड म्हणून दिले तेव्हा फक्त ३७ टक्के. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांबद्दल असेच लिहिले. बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब ही मुले तोंडी करत, पण पाटीवरची साधी उदाहरणे त्यांना येत नसत. आणि जवळच्या शाळांत शिकणाऱ्या, विक्रीचा अनुभव नसलेल्या मुलांचे नेमके उलटे. म्हणजे एक हुशार आणि दुसरा मठ्ठ असे काही नव्हते; दोन्हीकडच्या ज्ञानाला जोडणारी वाट कोणी घातली नव्हती. आठवडी बाजारात आईशेजारी तराजू धरून बसणारी मुले आपल्या वर्गात असतातच. ती वाट घालणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते पाठ्यपुस्तकात छापून येत नाही.

आष्टीच्या त्या मुलाचे दुखणे मात्र याहून निराळे असावे. मेळाव्यानंतर आम्ही त्याला पुन्हा भेटलो. 'पर्वत', 'चक्र', 'राष्ट्र', 'वाऱ्यावर' हे शब्द लिहून दाखवले. जोडाक्षरात मराठीचा र चार वेषांत येतो. बहुतेक मुले अडखळत का होईना ओळखतात. तो प्रत्येक वेळी नव्याने अडत होता. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून येतो, तिथेही घसरत होता. तोंडी विचारलेल्या पावकीच्या हिशेबाला मात्र आमच्याआधी उत्तर द्यायचा.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिली होती. त्याने ७४९ ला ८६७ ने भराभर आणि बिनचूक गुणले. पण साधे शब्द वाचता येत नसत, स्वतःचे नावसुद्धा अक्षरे उलटसुलट करून लिही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. वाचन-अक्षमतेची ही सर्वांत आधीच्या नोंदींपैकी एक. तिचा बुद्धीच्या कमी-जास्तपणाशी संबंध नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात अडचण असते, आणि सावकाश, नेमाने, एकेक ध्वनी धरून शिकवल्यास बऱ्याच मुलांत सुधारणा होते.

महाराष्ट्राने अशा मुलांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती १९९६ पासून दिल्या. त्यात हे राज्य देशात पुढे होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये मराठीसह चार भाषांत तपासणीची साधने तयार केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता यादीत घातली. पण सवलतीसाठी दाखला लागतो, दाखल्यासाठी बुद्ध्यंक सामान्य पातळीचा असल्याचे दाखवावे लागते, आणि तपासणारे बसतात मोठ्या शहरांत. मोलमजुरी करणाऱ्या बापाचा त्यासाठी किती दिवसांचा रोज बुडेल, हा हिशेब त्या मुलाने तोंडी केला असता.

वर्गशिक्षकांशी बराच वेळ बोललो. मुलाच्या बापाला निरोप गेला, तोही येऊन दाराशी उभा राहिला. गुरुजींनी कोरा कागद घेतला आणि तपासणीसाठीचा अर्ज लिहायला बसले. मुलाचे नाव लिहिले, इयत्ता लिहिली. जन्मतारखेशी त्यांचा हात थांबला. "कधीचा हो हा?" त्यांनी बापाला विचारले. बाप म्हणाला, "तिफणी चालू व्हत्या तव्हाचा." गुरुजींनी कपाटातून शाळेचे रजिस्टर काढले, पान उलटले आणि तारीख उतरवून घेतली : १ जून.