एक वाय-फाय, चार भाडेकरू: इंटरनेटची न्याय्य वाटणी कशी होते?

विरारमध्ये वन-बीएचके तिघाचौघांनी मिळून भाड्याने घेणं नवं नाही. भाडं आणि लाइटबिलाप्रमाणे वाय-फायचं बिलही सारखं वाटून घेतलं जातं. वेग मात्र तसा आपोआप वाटला जात नाही. एकाच्या फोनचा बॅकअप सुरू होतो आणि त्याच वेळी दुसऱ्याची नोकरीची ऑनलाइन मुलाखत अडखळू लागते.

वेग पुरेसा असूनही कॉल का अडकतो?

व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. त्याला खरी गरज असते वेळेवर पोहोचण्याची. इंटरनेटवरचा डेटा पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांतून जातो आणि पुढची वाट मोकळी नसेल तर ही पॅकेट्स बफरमध्ये रांग लावतात. समजा, अपलोडचा वेग 10 एमबीपीएस आहे आणि बॅकअपने बफरमध्ये 1 एमबी डेटा भरून ठेवला आहे. 1 एमबी म्हणजे 8 मेगाबिट, म्हणजे ही रांग संपायला 0.8 सेकंद. कॉलचं प्रत्येक पॅकेट तेवढं मागे राहतं आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. या दुखण्याला जिम गेटिस यांनी 'बफरब्लोट' हे नाव दिलं. मोठा प्लॅन घेतल्याने ते हमखास जात नाही.

रांगा वेगळ्या करा

तिकीट खिडकीवर पुढचा माणूस वीस जणांची तिकिटं काढत असेल, तर मागच्या एका तिकीटवाल्याची गाडी चुकते. प्रत्येकाला एका वेळी एकच तिकीट देऊन पाळी फिरवली तर? जॉन नेगल यांनी 1985 मध्ये नेटवर्कसाठी नेमकं हेच सुचवलं. 2018 मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेली 'एफक्यू-कोडेल' ही पद्धत याच विचारावर उभी आहे. ती प्रत्येक जोडणीची रांग वेगळी ठेवते आणि फार वेळ तुंबलेल्या रांगेतलं एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देते. ते पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, पण पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याचा इशारा मिळतो.

इथे एक पळवाट आहे. टॉरेंटसारखं अॅप एकाच वेळी पन्नास जोडण्या उघडून पन्नास पाळ्या घेऊ शकतं. म्हणून 'केक' नावाची पुढची पद्धत आधी उपकरणांमध्ये वाटणी करते आणि मग त्या उपकरणाच्या जोडण्यांमध्ये. सामायिक घरासाठी मला हीच जास्त न्याय्य वाटते. (दोन फोन आणि लॅपटॉपवाल्याला तीन वाटे मिळतात, ही गोष्ट वेगळी.)

आतल्या खोलीतल्याचं काय?

वाय-फायमध्ये हवा एकच असते, एका चॅनेलवर एका वेळी साधारण एकच उपकरण बोलतं. राउटरजवळचा लॅपटॉप 100 एमबीपीएसने आणि दोन भिंतींपलीकडचा फोन 10 ने जोडलेला आहे असं धरा. दोघांना सारखा डेटा द्यायचा तर प्रत्येकाला जेमतेम 9 एमबीपीएस मिळतात, कारण बहुतेक वेळ तो फोनच खातो. डेटाऐवजी वेळ निम्मा-निम्मा वाटला, तर लॅपटॉपला 50 आणि फोनला 5. एकूण वेग तिपटीने वाढला, पण बिलाचा तेवढाच वाटा भरणाऱ्या आतल्या खोलीतल्याचा वेग जवळपास निम्मा झाला. काही राउटर ही सोय 'एअरटाइम फेअरनेस' या नावाने देतात. ती जरूर वापरावी, पण त्याआधी राउटर दारापाशी न ठेवता घराच्या मध्यावर आणावा.

प्रत्यक्षात काय करायचं?

राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' हा पर्याय शोधा. 'ओपनडब्ल्यूआरटी' चालणाऱ्या राउटरवर 'एफक्यू-कोडेल' आणि 'केक' दोन्ही मिळतात. अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 95 टक्के ठेवा. थोडा वेग गमवावा लागतो, पण रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि पाळी ठरवणं तुमच्या हातात येतं. एखाद्या फोनला कायमचं 'हाय प्रायॉरिटी' देणं टाळा. रांगा नीट असतील तर कॉलसारखी हलकी कामं आपोआपच लवकर सुटतात.

मनवेलपाडा-फुलपाड्यासारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचं वाय-फायही त्याच हवेत असतं. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. तुमचा राउटर शेजाऱ्याची रांग लावू शकत नाही. तिथे 5 गिगाहर्ट्झवर जावं, किंवा मुलाखतीच्या दिवशी सरळ केबल लावावी.