रुमालाखालचा भाव आणि दहा दिवसांचं बिल

शेतकऱ्यानं मधला माणूस काढून टाकावा आणि माल थेट गिऱ्हाइकाला विकावा, हे वाक्य बातमीदारीत मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की आता वहीत लिहूनही घेत नाही. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा महिन्याच्या महिन्याला पगार असतो. वीस क्रेट टोमॅटो तोडून बांधावर ठेवलेल्या माणसाला त्या दिवशी संध्याकाळच्या आत तीन गोष्टी लागतात: गाडी, सगळा माल घेणारा कुणीतरी आणि रोकड. या तिन्ही एका फोनवर देणारा आडत्याच असतो. म्हणून तो दीडशे वर्षांत गेला नाही.

इचलकरंजीकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडं बघा. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याच्या वाट्याला पिकावर मजुरी. माग स्वतःचा असून भाव दुसऱ्याचा. शेतात तेच, फक्त सुताच्या जागी उचल.

ही उचल किती जुनी आहे ते बघायचं तर 1875 पर्यंत मागं जावं लागतं. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दक्षिणेतले दंगे म्हणून इतिहासात ते नोंदलेत. ठिकठिकाणी लोकांनी मुख्यतः कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. कागदावर राग का? कारण कर्ज देणारा आणि पीक घेणारा एकच होता. पेरणीला पैसे घेतले त्या दिवशीच कापणीच्या भावाचा निकाल लागलेला असायचा. आडत्याचा मूळ धंदा मालाचा नाही, पैशाचा आहे. हे एकदा धरलं की पुढच्या सगळ्या सुधारणा कुठं चालल्या आणि कुठं अडल्या ते कळतं.

आपल्या भागात पहिला मोठा प्रयत्न राजर्षी शाहूंचा. 1891 ला मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, 1895 ला शाहूपुरीची गूळपेठ वसली, 1917 ला रेल्वेच्या कडेला जयसिंगपूर. वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव देऊन आखून वसवलेली व्यापारी पेठ! महाराजांनी व्यापाऱ्याला हाकललं नाही. उलट त्याला जागा देऊन बसवलं, आणि एका जागी बरेच बसवले. गिऱ्हाईक एक असलं तर तो सांगेल तो भाव, दहा असले तर निदान बोली लागते. शहाणपणाचं काम होतं. पण गुऱ्हाळाला हंगामाआधी लागणारा पैसा पेठेतूनच यायचा, आणि ज्याची उचल त्याच्याच दुकानात रवे उतरायचे. बोली लागायची, दुकान मात्र ठरलेलं.

बोली म्हणजे तरी काय? जुन्या बाजारात हत्ता पद्धत होती. खरेदीदार आणि आडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. माल ज्याचा तो शेजारी उभा, पण त्याला बोटं दिसायची नाहीत. वर कपात: आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, पांजरपोळ, वानगी म्हणून काढून घेतलेला माल. गाय व्यापाऱ्याची, पुण्य व्यापाऱ्याचं, चारा शेतकऱ्याचा. शेतीच्या शाही आयोगानं 1928 च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा बाजार कायदा 1939 चा, महाराष्ट्राचा 1963 चा. उघडा लिलाव, तपासलेला काटा, ठरलेली कपात, परवाना. आज बाजार समितीला शिव्या घालणं सोपं आहे, आणि तिथल्या राजकारणामुळं पुष्कळ शिव्या लागूही होतात, पण रुमाल काढला तो याच कायद्यांनी. उचल मात्र त्यांना काढता आली नाही.

त्याच 1963 साली कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं काम सुरू झालं, आणि माझ्या मते ते जास्त मोठं: जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ. घरात एक म्हैस. सकाळी दीड लिटर, संध्याकाळी दीड लिटर. एवढ्या दुधाला मुंबईचा वितरक कशाला विचारेल? पण गावात संस्था आहे, ती दोन्ही वेळा दूध घेते, फॅट काढते, पावती देते आणि दहा दिवसांनी बिल. दुकानदाराची उधारी, पोराची फी, सगळं त्या बिलाच्या तारखेवर चालतं. किती घरांत बिलावर सही बाईची असते!

लोक म्हणतात गोकुळनं मधला माणूस काढला. काढला नाही. मुंबई-पुण्यात पिशवी दारात पोचते ती वितरकाच्या आणि दुकानदाराच्या हातूनच, आणि त्यांना त्यांचं कमिशन मिळतं. बदललं ते एवढंच की वितरकासमोर म्हैसवाली बाई एकटी उभी नाही, संघ उभा आहे. दूध जास्त झालं तर भुकटी करणं, लोणी काढणं हा संघाचा व्याप, तिचा नाही.

उसाचंही असंच. गंगानगरला देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांनी पंचगंगा कारखाना उभा केला तेव्हा गुऱ्हाळवाल्याला दुसरा दरवाजा मिळाला. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधनही आलं. ते किती पाळलं जातं ते जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी ऐकायला मिळतंच. पण निदान भांडायला कायद्यातला एक आकडा आहे.

भाजीला यातलं काहीच नाही. टोमॅटोची भुकटी करून कोण ठेवणार? फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांद्याची पट्टी आली आणि सगळी कपात जाऊन शेतकऱ्याच्या हातात 2 रुपयांचा चेक पडला.  2016 ला राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. मोकळीक मिळाली, पण गाडी आणि रोकड कुठून आणायची?

आता शेतकरी उत्पादक कंपन्यांचा जोर आहे. 2002 च्या दुरुस्तीनं दहा शेतकरी मिळून कंपनी काढू शकतात, आणि 2020 पासून देशात दहा हजार संस्था उभ्या करायची केंद्राची योजना आहे. आपल्या हातकणंगले-शिरोळमध्येही बैठका होतात, बोर्ड लागतात. कल्पना गोकुळचीच आहे, पण बैठकीत सगळा वेळ 'मॉलला माल देऊ' यावर जातो. मॉलचं केंद्र निवडून, एका मापाचा माल घेतं. उरलेला कुठं जातो? आडत्याकडंच. आणि चांगला माल दुसरीकडं दिला म्हणून आडत्या त्या उरलेल्याचा भाव पाडतो. शिवाय मॉलचे पैसे पंधरवड्यानं, महिन्यानं. तोवर तोडणीच्या बायकांची मजुरी कुणी द्यायची? कंपनीच्या खात्यात खेळतं भांडवल नसेल तर सभासद चार दिवस थांबतो आणि पाचव्या दिवशी रात्री गुपचूप जुन्याच गाडीत माल भरतो. त्याला गद्दार म्हणून काय उपयोग? सोमवारी त्याला पैसे लागणार होते.

वितरकाशी करार करणाऱ्यांनी भाव शेवटी विचारावा. आधी हे विचारावं की नाकारलेला माल परत आणायचं भाडं कुणाचं, वजन कुठल्या काट्यावर, भाव कुठल्या बाजाराच्या कुठल्या दिवसाचा, आणि पैसे कितव्या दिवशी. चारही उत्तरं कागदावर नसतील तर तो रुमालच आहे, फक्त मोबाईलवर आलेला.

आपल्या दोन तालुक्यांत भाजीपाल्याच्या कुठल्या कंपनीनं सभासदाला ठरल्या तारखेला, वितरकाचे पैसे येण्याआधी बिल द्यायची सोय बसवली असेल, तर खाली कळवा. आकडे दाखवायची तयारी असेल तर मी स्वतः येतो, दोन दिवस बसून हिशेब बघतो आणि इथंच लिहितो.